भंडारदरा धरणाचा 'विल्सन' : सैनिक, पक्षप्रतोद आणि मुंबईचा गव्हर्नर

प्रवराकाठ (धागालेखक)

भंडारदऱ्याला गेलेल्या प्रत्येकाच्या कानावरून 'विल्सन डॅम' हे नाव गेलेलं असतं. पण हा विल्सन कोण, असं विचारलं तर बहुतेक वेळा 'असेल कुणीतरी इंग्रज इंजिनियर' एवढंच उत्तर मिळतं. काही जण त्याला गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजशी जोडतात. दोन्ही चूक. कॉलेजचे विल्सन म्हणजे रेव्हरंड जॉन विल्सन, एकोणिसाव्या शतकातले स्कॉटिश मिशनरी. धरणाचा विल्सन म्हणजे सर लेस्ली ऑर्म विल्सन, डिसेंबर १९२३ ते डिसेंबर १९२८ या काळातला मुंबई इलाख्याचा गव्हर्नर.

ही पाच वर्षं आपल्या इतिहासात फार महत्त्वाची आहेत. गांधीजींची येरवड्यातून सुटका, बोरसद, मुळशीच्या धरणविरोधी सत्याग्रहाचा शेवटचा टप्पा, गिरण्यांचे तीन मोठे संप, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, सायमन कमिशनचं मुंबईत उतरणं आणि बारडोली. हे सगळं होत असताना गणेशखिंडीच्या बंगल्यात (आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत) आणि मलबार पॉइंटला हा माणूस बसलेला होता. तरी त्याच्याबद्दल मराठीत सलग काही वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा.

जन्म १८७६. १८९५ साली तो रॉयल मरीन लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लढला, तिथे त्याला डीएसओ हा शौर्याचा किताब मिळाला. १९०३ ते १९०९ तो ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरचा एडीसी (लष्करी मदतनीस) होता. गव्हर्नरकी म्हणजे काय असते, दरबार कसा चालतो, कुणाला किती जवळ येऊ द्यायचं, हे त्याने तिथे सहा वर्षं पाहिलं. १९०९ साली सिडनीच्या विनिफ्रेड स्मिथशी लग्न केलं आणि त्यानंतर राजकारणात शिरला.

१९१३ साली तो रेडिंग मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे पोटनिवडणूक जिंकला. ही जागा रिकामी झाली होती रुफस आयझॅक्स सरन्यायाधीश झाले म्हणून. हेच आयझॅक्स पुढे लॉर्ड रेडिंग या नावाने हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. म्हणजे ज्यांच्या रिकाम्या खुर्चीवर विल्सन पार्लमेंटात गेला, त्यांच्याच हाताखाली दहा वर्षांनी तो मुंबईला गव्हर्नर म्हणून आला. ते लिबरल, हा हुजूर.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर खासदार असतानाच तो पुन्हा गणवेषात गेला. रॉयल नेव्हल डिव्हिजनच्या हॉक बटालियनचं नेतृत्व त्याने गॅलिपोलीत आणि नंतर फ्रान्समध्ये केलं. फ्रान्समध्ये तो गंभीर जखमी झाला आणि रणांगणावरचं त्याचं आयुष्य तिथे संपलं. परतल्यावर युद्ध मंत्रिमंडळाच्या सचिवालयात, मग जहाज वाहतूक खात्यात, आणि १९२१ पासून पक्षाचा मुख्य प्रतोद.

या प्रतोदपदाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते मुंबईतला विल्सन समजायचा असेल तर ही किल्ली आहे. १९२२ साली इंग्लंडात लॉइड जॉर्ज यांचं संयुक्त सरकार होतं आणि हुजूर पक्ष त्यात भागीदार होता. पक्षाचे नेते ऑस्टिन चेंबरलेन यांना ही भागीदारी पुढे चालवायची होती. खालचे खासदार मात्र वैतागले होते. प्रतोदाचं काम नेत्याचा शब्द खाली पोचवायचा आणि खालची कुजबुज नेत्याला सांगायची. विल्सनने ती कुजबुज सांगून पाहिली, नेत्याने ऐकली नाही. १९ ऑक्टोबर १९२२ रोजी कार्लटन क्लबात खासदारांची बैठक झाली, आणि त्यात मुख्य प्रतोदच आपल्या नेत्याच्या विरोधात उभा राहून बोलला. मतदान मोठ्या फरकाने आघाडी मोडण्याच्या बाजूने गेलं. लॉइड जॉर्ज यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

पुढच्याच महिन्यात सार्वत्रिक निवडणूक झाली. पक्ष जिंकला, आणि मुख्य प्रतोद विल्सन लंडनच्या सेंट जॉर्जेस मतदारसंघात स्वतःच हरला, तेही एका बंडखोर हुजूर उमेदवाराकडून. मग पोर्ट्समथ साउथच्या खासदाराने त्याच्यासाठी जागा सोडली आणि डिसेंबरात तो पुन्हा निवडून आला. वर्षभरात मुंबईची गव्हर्नरकी.

माझं मत असं, की हा माणूस मुंबईत सैनिकासारखा कमी आणि प्रतोदासारखा जास्त वागला. आपल्या मागे किती जण उभे आहेत हे तो सारखं मोजायचा. संख्या फिरली आहे असं दिसलं की पाय मागे घ्यायचा, पण शेवटच्या दिवसापर्यंत आवाज मात्र करडा ठेवायचा.

पहिलं उदाहरण बोरसदचं. खेडा जिल्ह्यातल्या या तालुक्यात दरोडेखोरांचा धुमाकूळ होता. लोक दरोडेखोरांना थारा देतात असं ठरवून सरकारने जादा पोलिसांचा खर्च लोकांवरच लादला, माणशी दोन रुपये सात आणे. ज्यांना लुटलं त्यांनीच दंड भरायचा. वल्लभभाईंनी करबंदी पुकारली. विल्सन नुकताच आला होता. त्याने गृहखात्याचे सभासद सर मॉरिस हेवर्ड यांना बोरसदला पाठवलं, त्यांनी जाग्यावर जाऊन लोकांचं ऐकलं आणि जानेवारी १९२४ मध्ये कर रद्द झाला.

त्याच महिन्यात येरवड्यात गांधीजींना अपेंडिसायटिसचा त्रास सुरू झाला. १२ जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रियेला त्यांची संमती आहे याचं निवेदन तयार करताना साक्षीला श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं होतं. बाहेर वादळी पाऊस. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली. आधी विजेरी धरली, तीही विझली, आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. त्या रात्री काही बरंवाईट झालं असतं तर इलाख्यात काय उसळलं असतं याची कल्पना करा. नवा गव्हर्नर येऊन जेमतेम महिना झाला होता. ५ फेब्रुवारीला मुंबई सरकारने गांधीजींना बिनशर्त सोडलं. सहा वर्षांच्या शिक्षेची दोन वर्षंही तेव्हा पुरी झाली नव्हती.

आणि बारडोली. तिथली सारावाढ बावीस टक्के. १२ फेब्रुवारी १९२८ ला सत्याग्रह सुरू झाला. जप्तीसाठी पठाण आणले, जमिनी जप्त करून विकल्या. लोकांनी महिनोन्‌महिने दारं लावून म्हशींसकट स्वतःला घरात कोंडून घेतलं. कन्हैयालाल मुन्शींनी कायदेमंडळातून राजीनामा दिला. विल्सन सिमल्याला जाऊन व्हाइसरॉय आयर्विनना भेटून आला, १८ जुलैला सुरतेत वल्लभभाईंना भेटला. अट अशी की आधी वाढीव रक्कम भरा, मग चौकशी. वल्लभभाईंनी साफ नकार दिला. २३ जुलैला विल्सनने कायदेमंडळात चौदा दिवसांची मुदत देणारं भाषण केलं. या भागात सम्राटाची सत्ता चालणार की काही खासगी माणसांचा हुकूम, असा त्याचा रोख होता.

आणि बरोबर चौदाव्या दिवशी, ६ ऑगस्टला, तडजोड. सुरत भागातल्या आमदारांनी अटी पाळल्या जातील असं पत्र सरकारला लिहिलं. वल्लभभाईंची त्यावर सही नव्हती. वाढीव रक्कम रामचंद्र भट्ट नावाच्या गृहस्थांनी स्वतःच्या खिशातून भरली, शेतकऱ्याने एक पैसाही दिला नाही. चौकशीला न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूलचे मॅक्सवेल. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच न्यायाधीश. बावीस टक्क्यांची वाढ त्यांच्या अहवालानंतर सहा टक्क्यांच्या आसपास आली. वल्लभभाई 'सरदार' झाले ते याच लढ्यातून.

जाणकारांनी भर घालावी.

---

अकोलेकर

फार दिवसांनी आमच्या भागावर कुणी मनापासून लिहिलं, आभार.

धरणाबद्दल थोडं. काम सुरू झालं १९१० च्या सुमारास, विल्सन तेव्हा इकडे कुठेच नव्हता. त्याच्याही मागे जायचं तर मूळ आहे १८९९-१९०० च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या सिंचन आयोगात. नगर जिल्ह्याचा पूर्वभाग दर काही वर्षांनी होरपळायचा, आणि इकडे घाटमाथ्यावर पडणारा पाऊस नुसता वाहून जायचा. तो प्रवरेवर अडवायचा, नदीतूनच खाली सोडायचा आणि संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत घ्यायचा, अशी ही योजना. सोळा वर्षं दगडी बांधकाम चाललं. उंची २७० फूट. विल्सनच्या हस्ते उद्घाटन झालं डिसेंबर १९२६ मध्ये. त्या वेळी देशात एवढं उंच धरण नव्हतं. साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट, हा आकडा पावसाळ्यात इकडच्या प्रत्येक पेपरात रोज छापून येतो, लहान पोरांनाही पाठ असतो.

दोन गोष्टी मात्र माझ्या मनात कायम सलतात. एक, नाव मिळालं उद्घाटनाला आलेल्या माणसाला. ज्यांनी सोळा वर्षं सह्याद्रीच्या पावसात दगड घडवले त्या पाथरवट-वडारांचं आणि बिगाऱ्यांचं नाव कुठेच नाही. दुसरी, ज्या महादेव कोळी आणि ठाकर लोकांच्या खाचरांवर पाणी चढलं त्यांच्या वाट्याला पाणी आलंच नाही. पाणी गेलं खाली राहाता, श्रीरामपूरच्या उसाला. त्यातून बेलापूर कंपनीचा हरेगावचा कारखाना उभा राहिला, पुढे प्रवरानगरचा सहकारी कारखानाही. त्या भागाचं भलं झालं, मी नाकारत नाही. पण धरणाच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात आजही डोक्यावर हंडे दिसतात, आणि खाली अथांग जलाशय. कुणीही मे महिन्यात घाटघर, साम्रदच्या बाजूला येऊन बघावं.

---

गिरणगावकर

धागा अभ्यासपूर्ण आहे, पण 'पाय मागे घेणारा गव्हर्नर' हे चित्र मला पटत नाही. मुंबईकडून बघा.

जानेवारी १९२४. मालकांनी बोनस नाकारला म्हणून गिरण्या बंद पडल्या. चौकशी समिती नेमली, सरन्यायाधीश मॅक्लिऑड यांची, तिने बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही असा निकाल दिला. मार्चमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली, संप मोडला. बोरसदला जानेवारीत मवाळ झालेला गव्हर्नर परळला मार्चमध्ये कुठे होता?

१९२५ साली मालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबरपासून रस्त्यावर आले. चाळीत वाण्याची उधारी बंद झाली तेव्हा हजारो लोक कोकणात आणि घाटावर पायी परतले. हा संप सुटला तो डिसेंबरात, दिल्लीने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर थांबवला तेव्हा. मालकांना सूट मिळाली म्हणून कपात मागे गेली. मुंबई सरकारने आपल्या अंगाला काही लावून घेतलं नाही. १९२८ मध्ये तर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या. गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली, डांगे, आळवे, जोगळेकर, मिरजकर. संपाच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमायला ऑक्टोबर उजाडला.

मुळशीचंही तेच. सेनापती बापटांनी डिसेंबर १९२४ मध्ये रेल्वे अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली. मावळ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणात गेल्या त्या गेल्याच. तिथे ना हेवर्ड आला, ना ब्रूमफील्ड.

---

प्रवराकाठ (धागालेखक)

@गिरणगावकर, तुमचे मुद्दे जड आहेत आणि ते धाग्यात यायलाच हवे होते. पण मला वाटतं ते माझ्या म्हणण्याला छेद देत नाहीत, उलट बळकटी देतात. मी त्याला दयाळू म्हटलेलं नाही. तो मोजणारा होता. बोरसद आणि बारडोलीत अख्खा तालुका एका आवाजात बोलत होता, पाटील-तलाठी राजीनामे देत होते, कायदेमंडळातले मवाळही सरकारला सोडून चालले होते. तिथे त्याच्या मागे कुणी उरलं नव्हतं. मुळशीत समोर टाटांसारखी कंपनी, मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी, पुण्या-मुंबईचा मोठा सुशिक्षित वर्ग विजेच्या बाजूने. मावळे आणि बापट एकटे पडले. १९२४ च्या संपात कामगारांची अजून एकजूट संघटना नव्हती. म्हणजे विल्सन कधी वाकला आणि कधी नाही याचा नकाशा काढला, तर तो लोकांच्या संघटनेचाच नकाशा निघतो. श्रेय त्याचं नाही, ज्यांनी त्याला वाकायला लावलं त्यांचं.

@अकोलेकर, वरच्या अंगाच्या पाण्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

निशिगंधा_ठाणे

एक शंका. १९१९ नंतर द्विदल राज्यपद्धती आली, मंत्री आपलेच होते ना? मग बारडोलीचा निर्णय मंत्र्यांनी घ्यायचा की गव्हर्नरने?

---

प्रवराकाठ (धागालेखक)

@निशिगंधा_ठाणे, कारभाराचे दोन भाग होते. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही 'सोपीव' खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे. विल्सनच्या काळात सत्यशोधक नेते भास्करराव जाधव शिक्षणमंत्री होते. जमीन महसूल, पोलीस, न्याय, अर्थ, पाटबंधारे ही 'राखीव' खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे, आणि त्यांना कायदेमंडळ हलवू शकत नव्हतं. शाळा काढायची जबाबदारी आपल्या मंत्र्याची, तिला लागणारा पैसा गोऱ्या सभासदाच्या तिजोरीत, असा सगळा खोळंबा. बारडोली म्हणजे जमीन महसूल, पूर्णपणे राखीव. त्यामुळे विल्सनला कुणाच्या आड लपायला जागा नव्हती. भंडारदराही पाटबंधारे म्हणून राखीवच.

---

करवीरकर

कोल्हापूरचा उल्लेख अजून कसा आला नाही!

आज आम्ही ज्याला शिवाजी चौक म्हणतो, तिथे आधी याच लेस्ली विल्सनचा पुतळा होता. कोल्हापूर संस्थान, राजाराम महाराजांची कारकीर्द. संस्थानाच्या राजधानीत भर चौकात इंग्रज गव्हर्नर उभा. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी या पुतळ्यावर डांबर ओतलं. लक्षात घ्या, बेचाळीस साल आहे, जागोजागी पोलीस, आणि दोन बायका डांबर घेऊन गावातल्या सगळ्यांत गजबजलेल्या चौकात येतात. पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी तो पुतळाच फोडला. मग १९४५ साली भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेऊन त्या जागी शिवछत्रपतींचा अर्धपुतळा उभा केला. तो आजही तिथे आहे, आणि कोल्हापुरातला कुठलाही आनंद, कुठलाही मोर्चा, फुटबॉलचा कुठलाही विजय त्याच्यासमोर आल्याशिवाय पुरा होत नाही.

जुनी माणसं कितीतरी वर्षं त्या जागेला 'विल्सन पुतळा' म्हणत. आमच्या आजोबांच्या तोंडीही तेच. पण तांबट आणि हविरे ही दोन नावं त्यांनी आम्हाला नेहमी आदराने सांगितली. शाळेच्या पुस्तकात ती कधी भेटली नाहीत.

---

सदाशिवपेठी

@करवीरकर, तुमच्या माहितीला पुण्याची जोड देतो.

शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये शिवछत्रपतींचा जो भव्य अश्वारूढ पुतळा आहे, त्याचं अनावरण १६ जून १९२८ रोजी झालं. कुणाच्या हस्ते? गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. स्मारकाची कल्पना शाहू महाराजांची, १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्या वर्षी महाराज गेले आणि काम राजाराम महाराजांनी पुढे नेलं. शिल्पकार अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर. घोडा आणि स्वार मिळून एकसंध ओतीव काम, माझगाव गोदीत केलेलं. त्या काळी आपल्याकडे कुणी एवढं मोठं ओतकाम एका दमात करून दाखवलं नव्हतं. आजही त्या पुतळ्याखाली उभं राहून घोड्याचा उचललेला पाय आणि मानेवरच्या शिरा नीट बघा. करमरकरांनी जनावराचं अंग किती निरखलं असेल ते कळतं.

तारखेकडे लक्ष द्या. जून १९२८ म्हणजे बारडोली पेटलेली, जप्त्या चाललेल्या. त्याच वेळी गव्हर्नर पुण्यात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचा पडदा दूर करतोय. संस्थानिकांना आणि मराठा समाजाला आपल्या बाजूला ठेवायचं हा सरकारचा हिशोब त्यात होताच. पण पुतळा मनापासून उभारणाऱ्यांच्या भावनेला त्याने बाधा येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

---

महाडकर_भीमसैनिक

१९२७ चा उल्लेख धाग्यात एका शब्दात आटोपला आहे, म्हणून लिहितो.

१९२६ च्या अखेरीस बाबासाहेबांची मुंबई कायदेमंडळावर नेमणूक झाली ती गव्हर्नरच्या, म्हणजे विल्सनच्या अधिकारात. डॉ. सोळंकीही त्याच वेळी नेमले गेले. त्या काळच्या मतदानाच्या अटी बघितल्या, शेतसारा भरणारे, मालमत्ता असणारे, तर अस्पृश्य समाजातून कुणी निवडून येणं जवळजवळ अशक्य होतं. फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेबांनी अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. २० मार्चला महाड, चवदार तळं. मार्च १९२८ मध्ये महार वतनाचं विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडलं. एका बाजूला रस्त्यावरचा लढा आणि दुसऱ्या बाजूला सभागृहातला, दोन्ही याच सव्वा वर्षात.

तळं खुलं करण्याचा बोले ठराव कायदेमंडळाने १९२३ मध्येच केला होता. महाड नगरपालिकेनेही आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं होतं. कागदावर सगळं होतं. सरकारने ते अंमलात आणण्यासाठी एक शिपाई उभा केला नाही. तळ्यावरून परतणाऱ्या आमच्या माणसांना झोडपलं तेव्हा कायदा-सुव्यवस्थेचं राखीव खातं कुठे होतं? प्रवराकाठ म्हणतात तसं विल्सन मोजणारा असेल, तर त्याच्या मोजणीत त्या दिवशी आम्ही धरलेलोच नव्हतो. आणि नेमणुकीचं म्हणाल तर खुर्ची सरकारने दिली, पण त्या खुर्चीवरून काय बोलायचं ते बाबासाहेबांनी ठरवलं.

---

प्रवराकाठ (धागालेखक)

@महाडकर_भीमसैनिक, तुमचा शेवटचा परिच्छेद सर्वांनी पुन्हा वाचावा असा आहे. बारडोलीत महसूल बुडत होता म्हणून सरकारला हलावं लागलं. महाडमध्ये सरकारचं काहीच बुडत नव्हतं.

---

फोर्टचा_फेरफटका

बॅक बे राहिलं. समुद्र हटवून जमीन काढण्याची ही योजना आधीचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड (वर आलेले लॉइड जॉर्ज नव्हेत) यांची, विल्सनच्या गळ्यात ती अर्धवट अवस्थेत पडली. खर्च अंदाजाबाहेर गेला, भिंतीतून भराव वाहून जाऊ लागला. वीर नरिमन यांनी कायदेमंडळात आणि बाहेर अधिकाऱ्यांची लक्तरं काढली. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, त्यातून १९२८ साली नरिमन निर्दोष सुटले. दरम्यान १९२६ मध्ये चौकशी समिती बसली आणि योजनेचे मधले टप्पे सोडून द्यावे लागले. आज मरीन ड्राइव्हवर फिरताना जी जमीन पायाखाली आहे ती या उरलेल्या भागातली.

---

ब्रिस्बेनची_सई

या धाग्यावर मला काही लिहिता येईल असं वाटलं नव्हतं!

विल्सनची दुसरी मोठी गव्हर्नरकी आमच्या गावी झाली. जून १९३२ ते एप्रिल १९४६ तो क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता. जवळजवळ चौदा वर्षं, या पदावर एवढा काळ दुसरं कुणीच राहिलेलं नाही. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. पॅडिंग्टन भागात टेकडीवर 'फर्नबर्ग' नावाचं गव्हर्नरचं निवासस्थान आहे, तो तिथेच राहायचा. बायको सिडनीची, तरुणपणीची सहा वर्षं ऑस्ट्रेलियात गेलेली, त्यामुळे इथे तो परका नव्हता.

मुंबई आणि ब्रिस्बेन यांची तुलना करण्यासारखी आहे. मुंबईत सिंधपासून कर्नाटकापर्यंतचा मुलूख, कराची आणि धारवाडसुद्धा त्याच्या हुकमतीत. पोलीस, महसूल, तुरुंग सगळं हाताशी. इथे खरी सत्ता निवडून आलेल्या प्रीमियरकडे. तो आला त्याच महिन्यात मजूर पक्षाचे फोर्गन स्मिथ प्रीमियर झाले. राज्याचं वरिष्ठ सभागृह दहा वर्षांपूर्वीच, १९२२ मध्ये रद्द झालेलं. म्हणजे मजूर सरकारने विधेयक मंजूर केलं की हुजूर पक्षाच्या या जुन्या प्रतोदाने सही करायची. आणि त्याने ती केली, वर्षानुवर्षं, सरकारशी उभा दावा न मांडता. राज्यभर दौरे काढायचा. युद्धात जनरल मॅकआर्थरचं मुख्यालय १९४२ मध्ये ब्रिस्बेनला आलं, शहर अमेरिकी सैनिकांनी भरून गेलं, तेव्हाही गव्हर्नर हाच. इथल्या जुन्या नोंदींत त्याची प्रतिमा लोकांत मिसळणारा, सगळ्यांना हवाहवासा माणूस अशी आहे.

मला यात एक गोष्ट फार बोचते. तोच माणूस, तोच स्वभाव. इथल्या शेतकऱ्याने मत देऊन सरकार बसवलं आणि विल्सनने निमूट मान तुकवली. बारडोलीच्या शेतकऱ्याला तेच ऐकवून घेण्यासाठी सहा महिने म्हशींसकट घरात कोंडून राहावं लागलं.

---

अकोलेकर

@ब्रिस्बेनची_सई, खूप छान लिहिलंत. त्याचा शेवट कधी झाला?

---

ब्रिस्बेनची_सई

१९४६ ला निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. १९५५ मध्ये वारला.

---

गिरणगावकर

प्रवराकाठ, तुमचं उत्तर वाचलं. 'संघटनेचा नकाशा' हे पटलं. १९२४, २५ आणि २८ हे तीन संप ओळीने बघितले तर तेच दिसतं. पहिल्यात समिती मालकांच्या बाजूने बोलली, दुसऱ्यात पगारकपात मागे गेली, तिसऱ्यात सहा महिने टिकल्यावर सरकारला मध्ये पडावंच लागलं. गव्हर्नर तिन्ही वेळी एकच होता, कामगार बदलले होते.

विल्सननंतर आलेला फ्रेडरिक साईक्सही असाच सैनिक, खासदार आणि मग गव्हर्नर. विमानदलाचा प्रमुख राहिलेला माणूस. त्याच्या काळात सोलापूरचा मार्शल लॉ आणि जानेवारी १९३१ मध्ये येरवड्यात चार हुतात्म्यांना फाशी. त्यावर वेगळा धागा हवा. सोलापूरचं कुणी आहे का इथे?

---

सिद्धेश्वरपेठ

आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. या चौघांपासूनच सुरुवात करतो, साईक्स मागाहून येईल. दोन दिवस द्या.